चटई, स्टोव्ह आणि १४० बीपीएम : हणजुणातले पाच दिवस

सोमवार रात्र, कोकणकन्या

खूप वर्षं डोक्यात होतं, शेवटी यंदा जानेवारीत निघालोच. मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री घरी बसून म्युझिक बनवतो, लॅपटॉप, एक छोटा सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारं वाद्य) आणि हेडफोन एवढाच संसार, आणि मी जे बनवतो त्या प्रकाराच्या, म्हणजे गोवा ट्रान्स या यंत्रांवरच्या नाचायच्या म्युझिकच्या, नावातच गोवा आहे तरी ते शोधायला म्हणून मी गोव्यात कधी गेलो नव्हतो. तसा गोव्याला ढीगभर वेळा गेलोय, आजोळ वेंगुर्ल्याजवळ, त्यामुळे गोवा म्हणजे आमच्या अंगणातलंच, पण ते देवदर्शनाला नाहीतर कुणाच्या लग्नाला. उत्तर गोव्यातल्या हणजूण आणि वागातोरच्या ज्या माळावर, ज्या उतारावर हे सगळं उभं राहिलं तिथे पायाने चालून बघायचं राहूनच गेलं होतं. (पाट्यांवर अंजुना लिहितात, पण आमच्याकडे सगळे हणजूणच म्हणतात, मीही तेच लिहिणार.)

गाडी पनवेल सोडून पुढे गेली, डब्यातले दिवे बंद झाले आणि मी चरणजित सिंगांचा तो अल्बम लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चरणजित सिंग हे मुंबईतले हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक, त्यांनी १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली, टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेसलाइन (खर्जातल्या सुरावटी वाजवणारं यंत्र) आणि ज्युपिटर-८ सिंथ, आणि त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले.  एचएमव्हीने काढला, फारसा खपला नाही आणि लोक विसरून गेले. २०१० मध्ये तो परत निघाला तेव्हा जगभरच्या लोकांनी कपाळाला हात लावला, कारण हा आवाज ऍसिड हाउस या ३०३ वरच्या नाचाच्या म्युझिकचा आहे, आणि शिकागोत ऍसिड हाउसच्या पहिल्या रेकॉर्डी आल्या त्या काही वर्षांनी. २०१५ मध्ये ते गेले. हणजुणाशी या अल्बमचा थेट संबंध काही नाही, पण मला एक गोष्ट फार जवळची वाटते. आपल्या भैरवी थाटात रे ग ध नी चारही कोमल, आणि गोवा ट्रान्सच्या कितीतरी धुनी अगदी याच स्वरांत फिरतात, तिकडे त्याला फ्रिजियन म्हणतात. आपल्याकडे मैफल संपवायला भैरवी आणि तिकडे रात्र संपून उजाडायला लागलं की तेच स्वर. हे मला कुणी शिकवलेलं नाही, एकदा रात्री तीन वाजता पेटीवर बोटं ठेवून ठेवून कळलं आणि त्या दिवसापासून ते म्युझिक मला परकं वाटलंच नाही.

मंगळवार

सकाळी थिवीला उतरलो. बाहेर टॅक्सीवाल्यांचा घोळका, मी एक पायलट केला, गोव्यात मोटरसायकलच्या टॅक्सीला पायलट म्हणतात. म्हापसा ओलांडून हणजुणच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना वायंगणाची भातं, जांभ्या दगडाचे गडगे आणि मधूनच एकदम काँक्रीटचे चार मजली सांगाडे, हे सांगाडे दरवेळी वाढलेले दिसतात.

राहायची सोय एका जुन्या घरात केली होती, मालक सत्तरीतले अंकल, मागे दोन खोल्या भाड्याने देतात. मी का आलोय ते सांगितल्यावर त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांना वाटत होतं मी पार्टीला आलोय, मी म्हटलं नाही अंकल, मला पूर्वीचं बघायचंय, तेव्हा ते म्हणाले पूर्वीचं म्हणजे कुठलं पूर्वीचं, गिटारवालं का मशीनवालं?

आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण सुरुवात मशीनची नव्हतीच. साठच्या दशकाच्या मध्यावर हिप्पी यायला लागले, त्यांच्यातला सगळ्यात जुना म्हणजे एट फिंगर एडी, मूळचा आर्मेनियन घराण्यातला अमेरिकन. तो आधी कोलव्याला होता, मग हणजुणात आला, येणाऱ्याजाणाऱ्यांना सूप शिजवून घालायचा. २०१० मध्ये तो गोव्यातच वारला. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर शेकोटी, गिटार, ढोल, रॉक आणि रेगे. गोवा गिलही त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोहून आला, तोही आधी गिटारवालाच, इथे येऊन जटा वाढवल्या, साधूंमध्ये राहिला, पुढे डीजे झाला आणि २०२३ मध्ये इथेच गेला.

मग ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात दोनचार जणांनी गाण्यांऐवजी यंत्रांच्या टेप लावायला सुरुवात केली, त्यात लॉरां आणि फ्रेड डिस्को ही दोन नावं सगळ्या जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डी कॅसेटवर उतरवायच्या आणि गाण्याचे शब्द आले की कापून टाकायचे, नुसता वाजणारा भाग जोडत न्यायचा, म्हणजे नाचणाऱ्याला कुणी मध्ये काही सांगत नाही, ठेका चालूच राहतो. रॉकवाल्यांना हे अजिबात आवडलं नव्हतं म्हणे, भांडणं झाली. पण नाचणारे या बाजूला आले आणि दोनतीन सीझनमध्ये विषय संपला.

संध्याकाळी किनाऱ्याला गेलो. खडक तेच असणार, बाकी सगळीकडे शॅक आणि त्यांचे स्पीकर. तिथे बसून मी कल्पना करत होतो की वीज नाही, दिवे नाहीत, म्हणूनच पौर्णिमा लागायची. फुल मून पार्टी हे आता नुसतं नाव झालंय, तेव्हा चांदण्याशिवाय वाट दिसायचीच नाही.

बुधवार

बुधवार म्हणजे हणजुणचा फ्ली मार्केट. आज तिथे लमाणी बायकांचे कपडे, काश्मिरी शाली, मसाले, टी-शर्ट, पण सुरुवात झाली ती परदेशी पोरांनी पैसे संपल्यावर आपलीच जीन्स, आपलाच कॅमेरा विकायला मांडला तिथून. मी मार्केटमध्ये तासभर फिरलो, त्यातलं लिहिण्यासारखं फारसं नाही. लिहिण्यासारखं जे आहे ते दुपारनंतरचं.

अंकलच्या ओळखीने एका म्हाताऱ्या फ्रेंच माणसाला भेटलो, चाळीस वर्षं दर थंडीत येतो, नाव लिहित नाही, त्याने नको सांगितलं. त्याने एक बुटाचा खोका काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत डॅट टेप, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. नेहमीच्या ऑडिओ कॅसेटपेक्षा बरीच लहान, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी म्हणा, खालच्या बाजूला झडप असते ती उचलली की आत अगदी बारीक, चार मिलिमीटर रुंदीची काळी फीत. लेबलवर स्केचपेनने तीन ओळी, शाई फिकी पडून तपकिरी झालेली, ट्रॅकचं नाव नाही, फक्त बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठेके त्याचा, आकडा आणि पुढे सूर्याचं एक चित्र. म्हटलं हे काय, तर म्हणाला उजाडताना लावायची टेप. रात्रीच्या टेपवर चंद्र नसतो का विचारलं तर म्हणाला रात्रीच्या टेपवर काहीच लागत नाही, अंधारात बघायचं कसं.

आता ही डॅट महत्त्वाची का ते सांगतो, कारण इथे या म्युझिकचा सगळा बांधा ठरलाय. बाकी जगात डीजे म्हणजे विनाइल रेकॉर्ड. गोव्यात रेकॉर्ड टिकत नाही, उन्हाने वाकते, खारी हवा, धूळ, आणि पाठीवर पन्नास किलो रेकॉर्डी घेऊन ट्रेनने कोण येणार. म्हणून आधी कॅसेट, सोनीचे दोन वॉकमन प्रोफेशनल आणि मध्ये एक मिक्सर. मग १९८७ मध्ये सोनीने डॅट काढली, डिजिटल आवाज, खिशात मावणारी, तीच इथे रुजली. पण डॅटवर रेकॉर्डसारखा स्पीड बोटाने कमीजास्त करता येत नाही, म्हणजे दोन ट्रॅकचे ठेके एकावर एक बसवता येत नाहीत. मग करायचं काय? तर ट्रॅकच असे बनायला लागले की सुरुवातीला मिनिटभर ठेका नाही, नुसता वारा, कुठलातरी लांबचा आवाज, आणि शेवटीही तसंच, म्हणजे एक संपत असताना दुसरा त्यात हळूच मिसळता येईल. आज ट्रान्सच्या ट्रॅकच्या सुरुवातीला जो लांबलचक गूढ भाग असतो आणि ज्याला लोक अध्यात्म वगैरे म्हणतात, त्यात या टेपची अडचण किती आहे ते तो खोका बघून कळलं. मला यामुळे त्याचं मोल कमी वाटलं नाही, उलट जास्तच वाटलं. मी स्वतः आठ वर्षं ट्रॅकला तशी सुरुवात करतोय आणि का करतोय हे मला माहीतच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे देवाणघेवाण. बनवणारा माणूस थंडीत टेप घेऊन यायचा, न छापलेली, बाजारात कुठे न मिळणारी, ती इथल्या दोघातिघांना कॉपी करून द्यायचा आणि त्या बदल्यात त्यांच्याकडची घ्यायचा. मग उन्हाळ्यात ही मंडळी लंडन, पॅरिस, तेल अवीवला परत. भारत आणि इस्रायलचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ च्या जानेवारीत जुळले आणि त्यानंतर सैन्यातली नोकरी संपवून आलेली इस्रायली पोरं इथे लोंढ्याने यायला लागली, त्यांनी हा आवाज घरी नेला आणि तिथेही मोठा झाला. लंडनला १९९३ मध्ये ड्रॅगनफ्लाय, १९९४ मध्ये टिप अशा रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या ब्रिटिश डीजेने बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा गोवा मिक्स वाजवला आणि मग तर काय, हणजुणला कधी न आलेल्या माणसांनाही गोवा ट्रान्स हे नाव पाठ झालं. म्हणजे आवाज इथे भाजला आणि नाव तिकडे दुकानातल्या कप्प्यावर लागलं.

निघताना त्याने मला एक टेप वाजवून दाखवली. मशीन सुरू व्हायला जरा वेळ लागला, आत चाक फिरल्याचा सूक्ष्म आवाज, मग आठनऊ सेकंद काहीच नाही, आणि मग ३०३, तेच रोलंडचं बेसलाइन यंत्र. ज्याने ते यंत्र हाताळलंय त्याला कळेल, एकच बारीकशी सुरावट सोळा खणांत फिरत असते आणि वाजवणारा फक्त एक बटण हळूहळू पिळत जातो, तसा तो आवाज आधी गुरगुरतो, मग किंचाळतो, मग ओला होतो, चिखलात पाय रुतल्यासारखा. ते बटण ज्याने पिळलं त्याचं नाव त्या टेपवर नाही. आम्ही दोघं गप्प बसून सहा मिनिटं ऐकलं.

गुरुवार

या एका दिवसासाठी सगळी ट्रिप वसूल झाली.

सकाळी वागातोरला चालत गेलो. हिलटॉप या पार्टीच्या जागेतली माडाची झाडं फ्लोरोसंट रंगात रंगवलेली असतात हे फोटोत बघितलं होतं, उन्हात ती नुसती रंगवलेली झाडं दिसतात, त्यांची वेळ रात्रीची. तिथून खाली ओझरानच्या बाजूने डिस्को व्हॅली म्हणतात त्या घळीत उतरलो. काजू, करवंद, वाळलेलं गवत, एक कुत्रा. घळ अशी आहे की तिन्ही बाजूंनी उतार आणि समोर समुद्र, आवाज आत गोळा होतो आणि समुद्रावर जातो. मी टाळी वाजवून बघितली, दोनदा वाजवली.

दुपारी अंकलनी मला शेजारच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, नेलं. एका मावशींकडे. त्या या पार्ट्यांमध्ये चहा विकायच्या.

जरा सांगतो, कारण हे मी स्वतः आधी नुसतं एका ओळीत वाचलं होतं. माळावर पार्टी व्हायची तेव्हा नाचायच्या जागेच्या कडेने आजूबाजूच्या गावातल्या बायका चटया टाकून बसायच्या. प्रत्येकीसमोर रॉकेलचा दिवा, एक स्टोव्ह, किटली. परदेशी लोक त्यांना चाय मामा म्हणायचे. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, आपल्या कानाला तो आईचा भाऊ वाटतो, पण मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या आई म्हणो नाहीतर मामा म्हणो, हाक मारल्यावर चहा द्यायचा.

मावशी आता पासष्टीच्या पुढे. मी मालवणीत बोललो, त्या कोंकणीत, अडलं काहीच नाही. "बस रे पुता," म्हणाल्या आणि मग दोन तास बोलत होत्या. पंचविशीत असताना सुरुवात केली, पहिल्यांदा सासूबरोबर गेल्या. डोक्यावर टोपलीत स्टोव्ह, दुधाची पावडर, साखर, केळी, बिस्किटं, उकडलेली अंडी, काखेत चटयांची वळकटी, कडेवर पोर. संध्याकाळी निघायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर परत. मी विचारलं, पार्टी कुठे आहे हे कळायचं कसं, फोन नाही, पोस्टर नाही. त्या हसल्या. "आज खंय?", आज कुठे, हा प्रश्न परदेशी लोक एकमेकांना विचारत मोटरसायकलवर तासनतास फिरायचे, पण या बायकांना दुपारीच माहीत असायचं, कारण जनरेटर घेऊन जाणारा टेंपो वाड्यावरूनच जायचा. तो कुठल्या वळणाला वळला ते बघायचं आणि पीठ मळायला घ्यायचं.

जागा ठरलेल्या. ही इची, ती तिची, वर्षानुवर्षं. गिऱ्हाईकंही ठरलेली, एक जर्मन मुलगी दहा वर्षं याच चटईवर यायची. आणि चटई म्हणजे नुसती दुकानाची जागा नव्हती हे त्या बोलत गेल्या तसं माझ्या लक्षात येत गेलं. नाचून थकलेला तिथे बसायचा, झोपायचा, ज्याने काहीतरी भलतंच घेतलंय आणि थरथर कापतोय त्याला कुणीतरी धरून आणून चटईवरच टाकायचं. मग या बायका त्याला पाणी पाजायच्या, गोड चहा द्यायच्या, अंगावर काहीतरी पांघरायच्या आणि तो शुद्धीवर येईपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. शेजारी स्वतःचं पोर झोपलेलं. "कितें सांगूं तुका," म्हणाल्या, "कोणाचो तरी भुरगो मरे तो." कुणाचं तरी पोरच ना ते.

मी गप्पच झालो. इतकी वर्षं मी या सीनबद्दल वाचतोय, कोणी कुठली टेप लावली, कुठल्या वर्षी कुठला ट्रॅक, पण रात्रभर त्या माळावर शुद्धीत असलेली माणसं ही होती. दिवा यांचा, पाणी यांचं, उजाडल्यावर वाट दाखवणारी माणसं हीच. या बायका नसत्या तर तो सीन दोन सीझनही तगला नसता असं माझं ठाम मत झालंय.

त्यांनी कौतुकच केलं असं मुळीच नाही. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलीला रात्री झोप नाही, अभ्यास नाही, तेव्हा भांडायलाही त्याच गेल्या होत्या, चारपाच बायकांना घेऊन. गावातली दोन पोरं त्या नशेच्या धंद्यात गेली ती परत आली नाहीत माणसात. हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला. आणि मग एकदम घराकडे हात करून म्हणाल्या, ह्या मागच्या दोन खोल्या चटईच्या. नवरा कधी कामावर, कधी नाही. चटईवर पोरं शिकली.

मग माळ्यावरून स्टोव्ह काढला. पितळी, टाकी काळवंडलेली, एक पाय वाकडा म्हणून खाली पत्र्याचा तुकडा दुमडून लावलेला. मी विचारलं, पेटवता येईल का, मला आवाज रेकॉर्ड करायचाय. त्यांना ते फार विचित्र वाटलं नाही, इतकी वर्षं काय काय बघितलंय. सुनेने कुठूनतरी वाटीभर रॉकेल आणलं, पिनेने भोक साफ केलं, काकडा पेटवला आणि मावशींनी पंप मारायला घेतला. खच्, खच्, खच्, मध्ये दम घेऊन परत खच्, खच्, आणि मग हळूहळू ती निळी ज्योत आणि तो घोंघावणारा एकसुरी आवाज, ज्यांच्या लहानपणी घरात स्टोव्ह होता त्यांना तो पाठ असेल. मी माईक अगदी जवळ धरला होता, गाल भाजत होता. साडेचार मिनिटं रेकॉर्ड केलं आणि त्याच स्टोव्हवर मग चहा झाला.

निघताना पाया पडलो. पैसे काढले तर रागावल्या. "देव बरें करूं," मी आभार मानत म्हटलं, तर म्हणाल्या परत ये, पण दिवसा ये.

शुक्रवार

दिवसभर काही केलं नाही, खोलीत पडून रेकॉर्डिंग ऐकलं.

संध्याकाळी म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेला गेलो, पौषातली मोठी जत्रा, रस्ता फुलून गेलेला. खाज्यांच्या राशी, गुळाचा आणि आल्याचा वास, खेळणी, पाळणे, आणि दुकानांमागे चटईवर झोपलेली दुकानदारांची पोरं. ती पोरं बघितली आणि मला आजोळची दशावताराची रात्र आठवली. आजी शाल आणि चटई घेऊन संध्याकाळीच जागा धरायची, नाटक सुरू व्हायला मध्यरात्र, पेटी, मृदुंग आणि झांज एकदा लागली की पहाटेपर्यंत थांबायची नाही, आम्ही पोरं झोपायचो आणि राक्षस आला की कुणीतरी हलवून उठवायचं. कडेला कंदिलाच्या उजेडात खाजेवाल्या बायका. माळावर रात्रभर वाजणारं काहीतरी, कडेने दिवे, चटईवर झोपलेली पोरं आणि उजाडल्यावर घरी जाणारी धुळीने भरलेली माणसं, हे आमच्याकडे नवीन थोडंच होतं? त्या मावशींना आणि त्यांच्या सासूला पहिल्याच रात्री काय करायचं ते कसं कळलं, याचं उत्तर मला खाजं खाता खाता मिळालं. त्या जत्रेलाच गेल्या होत्या, फक्त देव वेगळा होता.

शनिवार

आज आत्ताचा सीन. तोही आहे, आणि चांगला आहे, हे मला मुद्दाम लिहायचंय कारण सगळे म्हणतात गोव्यात आता काही उरलं नाही.

एका मित्राच्या मित्राने मेसेज केला, जागेचा पत्ता दुपारी तीनला येईल, चाळीस माणसं, पाच वाजता सुरू, दहाला बंद. दहाला बंद म्हणजे बंदच. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० मध्ये, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी पक्कं केलं. सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, बस. रात्रभरच्या माळावरच्या पार्टीचा कणा तिथेच मोडला. दक्षिणेत पाळोळ्याला लोकांनी यावर हेडफोन पार्टी काढली, सगळ्यांच्या कानावर वायरलेस हेडफोन, बाहेरच्याला नुसते पाय घासल्याचे आवाज. मोठ्या क्लबांनी बंद हॉल बांधले आणि तिकिटं लावली. आणि छोट्या लोकांनी वेळ उलटी केली, दुपारी सुरू करून दहाच्या आत संपवायचं. नाचणारा म्हणून मला वाईट वाटतं, पण परवा त्या मावशींच्या मुलीच्या परीक्षेचं ऐकल्यापासून नियमाला शिव्या द्यायला तोंड उघडत नाही.

जागा म्हणजे एक जुनं घर, मागच्या खोलीत कौलाखाली दोन स्पीकर, भिंतींना गाद्या लावलेल्या. वाजवणारा पोरगा म्हापशाचा, वय असेल पंचवीस. पहिला तासभर ठीक होतं, सगळीकडे वाजतं तेच टेक्नो. मग त्याने घुमट आणलं. घुमट म्हणजे गोव्याचं मातीचं वाद्य, मडक्यासारखं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं, पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर बंदी आहे म्हणून आता बकऱ्याचं लावतात, २०१९ मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. याने सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला तुकडा) नव्हता घेतला, माईक लावून समोर बसून प्रत्यक्ष वाजवत होता आणि तेच लूप होत, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत होतं. उघड्या तोंडावर तळहात ठेवला की घुमटाचा आवाज आत ओढला जातो, काढला की फुगून बाहेर येतो, आणि तो हे ३०३ च्या बटणाबरोबर करत होता, डाव्या हाताने घुमटाचं तोंड झाकायचं आणि उजव्या हाताने लगेच बटण पिळायचं. मातीचं मडकं आणि जपानी यंत्र एकमेकांना उत्तर देत होते. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला, दोन्ही हातांवर. बाजूला एक मुलगी रडत होती आणि नाचत होती.

नंतर त्याला विचारलं हे कुठे शिकलास, तर म्हणाला घरी, चतुर्थीला आरतीत वाजवतो ना आम्ही.

नऊ पंचावन्नला त्याने स्वतः आवाज खाली आणला, दहाला बंद. मग सगळ्यांनी मिळून खुर्च्या उचलल्या, बाटल्या गोळा केल्या, खोली झाडली. चाळीसातले पस्तीस तरी इथले होते, म्हापसा, पेडणे, डिचोली, दोघं सावंतवाडीहून स्कूटरने आलेले. तेव्हा माळावर वाजवणारे बाहेरचे आणि चहावाल्या इथल्या होत्या. आज वाजवणारा इथला आहे.

रविवार, परतीची कोकणकन्या

संध्याकाळी थिवीहून बसलो. खिडकीची जागा मिळाली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि गुरुवारचं रेकॉर्डिंग उघडलं. मावशींचा पंप. खच्, खच्, खच्. ठेका म्हणून वापरायचा होता, १३८ बीपीएमवर ग्रिड (ठेक्याच्या आखीव रेघा) लावली आणि ओढून बसवायला लागलो. पेडणे गेलं, बोगदा आला, डब्यात काळोख आणि कानात पंप. बसत नाही. त्या चार पंप मारायच्या आणि थांबून श्वास घ्यायच्या, आणि तो श्वास दरवेळी वेगळा, कधी अर्धा ठेका, कधी पाऊण. सॉफ्टवेअरला सांगितलं तर एका क्लिकवर सगळं सरळ करून देतं. एकदा दिलं करून, ऐकलं, मशीन झाली होती त्याची. अनडू केलं.

सावंतवाडी येईपर्यंत उलटं करून बघितलं, ग्रिडच काढून टाकली आणि बाकीचा ट्रॅक त्या श्वासामागून चालवायला घेतला. किक (ढोलाचा ठोका) थांबते, दम घेते, परत येते. अजून बरंच काम आहे. सुरुवातीला मिनिटभर काही नाही, नुसता स्टोव्ह घोंघावतोय.